सांगलीचा मध्यभाग नेमका कुठपर्यंत? गाभा ठरवून लोकवस्तीची घनता मोजण्याची रीत

२०११ च्या जनगणनेत सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेची लोकसंख्या भरली ५,०२,७९३. क्षेत्रफळ ११८.१८ चौरस किलोमीटर. भागाकार केला की चौरस किलोमीटरला सुमारे ४,२५४ माणसं येतात, आणि 'सांगली शहराची घनता किती' असं विचारलं की बहुतेक जण हाच आकडा पुढे करतात. गणितात काही चूक नाही. पण दिवाळीच्या तोंडावर कापड पेठेत उभं राहून हा आकडा मोठ्याने वाचला तर दुकानदार हसतील, आणि कुपवाडच्या पलीकडे शेताच्या बांधावर वाचला तर तिथलेही हसतील. तीन गावं, त्यांच्यामधली मोकळी रानं, एमआयडीसी, नदीचं पात्र असं सगळं एकत्र धरून काढलेली ती सरासरी आहे. तिच्यावरून जिल्ह्याशी तुलना होते, कारण सांगली जिल्ह्याची घनता तेव्हा चौरस किलोमीटरला ३२९ होती. शहराच्या आत काय चाललंय ते मात्र या आकड्यातून कळत नाही.

ते कळायला हवं असेल तर शहराचा गाभा वेगळा काढून मोजावा लागतो. भूगोलाचे विद्यार्थी, नगररचनेत नव्याने आलेली मुलं, वॉर्डातले कार्यकर्ते, स्थानिक पत्रकार यांच्यापैकी कुणी हे काम पहिल्यांदाच हातात घेत असेल, तर त्याच्यासाठी ही रीत लिहितो आहे. उदाहरणं सांगलीची आहेत, कारण इथे नेमक्या त्या सगळ्या अडचणी भेटतात ज्या पुस्तकातल्या गोल गोल शहरांत भेटत नाहीत.

प्रश्न आधी, नकाशा नंतर

'गाभा' कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे तुम्हाला काय शोधायचंय त्यावर ठरतं. पार्किंगचा अभ्यास असेल तर बाजारपेठ हा गाभा. जुन्या वाड्यांचा असेल तर गावठाण. पुराच्या वेळी किती माणसं हलवावी लागतील हे काढायचं असेल तर नदीकाठची दाट वस्ती. या तिन्ही हद्दी एकमेकींवर बऱ्याच चढतात, पण एक नसतात. म्हणून वहीत पहिली ओळ प्रश्नाची लिहा. ती न लिहिता नकाशा उघडला की माणूस हमखास सोयीची हद्द काढतो, म्हणजे ज्या हद्दीचे आकडे हाताशी आहेत तीच.

सांगलीकरांसाठी दुसरा निर्णयही इथेच घ्यायचा. महापालिका १९९८ साली झाली, पण सांगली आणि मिरज ही दोन वेगळी, आपापला बाजार असलेली जुनी गावं आहेत. मिरजेचा गाभा दर्गा, किल्ला, लक्ष्मी मार्केट यांच्या भोवतीचा. सांगलीचा गणपती मंदिर, हरभट रोड, मारुती चौक यांच्या भोवतीचा. दोघांत आठ-दहा किलोमीटरचं अंतर आहे. महापालिका एक म्हणून गाभाही एकच शोधायला गेलात तर नकाशावरचा मध्य दोन्हींच्या मधल्या विश्रामबाग या नव्या वस्तीच्या आसपास कुठेतरी पडेल, आणि एकाही जुन्या सांगलीकराला तो पटणार नाही. दोन गाभे वेगळे मोजा. कुपवाडचं तिसरं प्रकरण, तिथे औद्योगिक वसाहतीची जमीन लोकवस्तीत धरायची की नाही हा वेगळाच वाद आहे.

मध्यबिंदू कुठे रोवायचा

बरेच जण नकाशावर एक टाचणी टोचतात आणि तिच्याभोवती एक किलोमीटरचं वर्तुळ काढतात. झटपट कामाला हे ठीक आहे. अशा वर्तुळाचं क्षेत्रफळ ३.१४ चौरस किलोमीटर. पण टाचणी गणपती मंदिरावर टोचली तर कृष्णा हाकेच्या अंतरावर, त्यामुळे वर्तुळाचा मोठा तुकडा नदीत आणि पलीकडे सांगलीवाडीच्या बाजूला जातो. तिथली मळी, म्हणजे नदीकाठची शेतजमीन, आणि पात्र धरून भागाकार केला की गाभ्याची घनता उगाचच खाली येते. नदीकाठच्या शहरात पूर्ण वर्तुळ कधीच वापरू नये असं माझं मत आहे. वर्तुळ काढा, मग नदीच्या अलीकडचा भागच ठेवा आणि तसं लिहून ठेवा.

टाचणीसाठी उमेदवार अनेक: मंदिर, मारुती चौक, राजवाडा चौक, एसटी स्टँड. माझा कौल बाजाराला, म्हणजे हरभट रोड आणि मारुती रोडच्या परिसराला. पायी माणूस जिथे सगळ्यात जास्त आणि दुकानाचं भाडं जिथे सगळ्यात चढं, तो बिंदू. खात्री करायची असेल तर टाचणी तीनशे मीटर इकडे-तिकडे सरकवून तेच गणित पुन्हा करा. उत्तर फारसं हललं नाही तर चिंता नको. बरंच हललं तर वर्तुळ सोडा आणि खरी हद्द आखा.

हद्द आखण्याच्या तीन रीती

पहिली रीत कागदोपत्री. विकास योजनेच्या नकाशावर दाट वस्तीचं क्षेत्र वेगळ्या रेषेने दाखवलेलं असतं, कारण बांधकामाचे नियम तिथे वेगळे लागतात. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीतही दाट वस्तीसाठी सामासिक अंतरं (इमारतीभोवती मोकळी सोडायची जागा) आणि चटईक्षेत्र (जमिनीच्या प्रमाणात किती बांधकाम करता येतं) वेगळं आहे. नगर भूमापनाचे नकाशे आणि मिळकत पत्रिकाही मदतीला येतात. गावभाग, खणभाग, गणपती पेठ, कापड पेठ अशी नावं असलेला पट्टा साधारण याच हद्दीत बसतो. ही हद्द सरकारी असल्याने कुणी वाद घालत नाही, हा तिचा मोठा गुण. तिचा दोष असा की ती आखली गेली तेव्हाचं गाव दाखवते. बाजार नंतर रस्त्या-रस्त्याने बाहेर सरकला, रेषा जागेवरच राहिली.

दुसरी रीत व्यापाराची. १९५४ मध्ये रेमंड मर्फी आणि जेम्स व्हान्स या दोन भूगोलज्ञांनी अमेरिकेतल्या नऊ शहरांचा अभ्यास करून मध्यवर्ती बाजारपेठेची हद्द ठरवण्यासाठी दोन निर्देशांक दिले. चारी बाजूंनी रस्ते असलेला घरांचा एक पट्टा घ्यायचा. त्यातलं व्यापारी वापराचं सगळ्या मजल्यांवरचं क्षेत्रफळ भागिले तळमजल्याचं क्षेत्रफळ, हा पहिला. तो किमान १ हवा. व्यापारी क्षेत्रफळ भागिले एकूण बांधीव क्षेत्रफळ, हा दुसरा; तो किमान ५० टक्के हवा. दोन्ही अटींत बसणारे, एकमेकांना लागून असलेले पट्टे म्हणजे गाभा.

आता हे हरभट रोडवर लावून पाहू. समजा एका पट्ट्याचा तळमजला २,००० चौरस फूट, इमारत तीन मजली, म्हणजे एकूण ६,०००. खाली सगळी दुकानं, पहिल्या मजल्याच्या अर्ध्या भागात दवाखाना आणि सीएचं ऑफिस, बाकी राहती घरं. व्यापारी क्षेत्र ३,०००. पहिला निर्देशांक १.५, दुसरा बरोबर ५० टक्के. काठावर पास. पण दवाखाना आणि ऑफिस काढून तिथेही कुटुंब राहतंय असं धरा. पहिला निर्देशांक १ होतो, दुसरा ३३ टक्के, आणि खाली धडाधड दुकानं चालणारा पट्टा गाभ्यातून बाद. आपल्याकडचा बाजार तर असाच आहे, खाली दुकान आणि वर घर. शिवाय मर्फी-व्हान्सच्या यादीत घाऊक व्यापार, देवळं आणि सरकारी कचेऱ्या मध्यवर्ती व्यापारात धरलेल्याच नाहीत. म्हणजे गणपती पेठेतली घाऊक दुकानं बाद आणि खुद्द गणपतीचं देऊळही बाद. सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनी ज्या देवळाभोवती गाव उभं केलं ते वगळून सांगलीचा गाभा ठरवायचा, ही कल्पनाच विचित्र आहे.

तरीही ही रीत टाकून देऊ नका. निर्देशांक काढा, पण दुसऱ्याची मर्यादा आपल्या बाजाराला शोभेल अशी खाली आणा, ३० टक्के म्हणा, आणि घाऊक दुकानं धरली आहेत असं स्पष्ट लिहा. मात्र ही मर्यादा आकडे पाहण्याआधी ठरवायची. हवा तो नकाशा येईपर्यंत मर्यादा फिरवत बसलात तर त्या मोजणीला काही किंमत उरत नाही.

तिसरी रीत घनतेवरूनच गाभा ठरवण्याची. शहरावर चौकटींची जाळी टाकायची, ज्या चौकटीत घनता अमुक एका आकड्याच्या वर ती गाभ्यात. दिसायला ही सगळ्यात शास्त्रशुद्ध वाटते, पण नवख्याला इथेच फसगत होते. घनता जास्त आहे म्हणून जो भाग निवडला, त्याची घनता जास्त निघाली असा निष्कर्ष काढण्यात काय हशील? ही रीत वापरायची तर पुढे गाभ्याबद्दल घनता सोडून दुसरं काहीतरी विचारा: पाणीपुरवठा, घरांचं वय, रुंद-अरुंद रस्ते. आणखी एक सावधगिरी. संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने २०२० मध्ये मान्य केलेल्या पद्धतीत एक चौरस किलोमीटरच्या चौकटी, प्रत्येकीत किमान १,५०० माणसं आणि सलग चौकटींत मिळून किमान ५०,००० अशी अट आहे. ती शहर आणि खेडं वेगळं करण्यासाठी आहे, शहराच्या आतला गाभा शोधण्यासाठी नाही. आपल्या जनगणनेतही एखाद्या गावाला 'नगर' म्हणायला चौरस किलोमीटरला ४०० ची घनता लागते, तीही याच हेतूने.

तुमचा पहिलाच अभ्यास असेल तर दाट वस्तीची सरकारी रेषा पाया म्हणून घ्या आणि बाजार जिथे तिच्या बाहेर पडलाय तिथे व्यापाराच्या निकषाने ती वाढवा.

मग चालायला लागा

हद्दीची कच्ची रेषा झाली की खरं काम रस्त्यावर आहे. सकाळी दहा ते बारा एक फेरी आणि रात्री नऊनंतर दुसरी. एकाच फेरीवर भागवू नका, कारण गाभ्याचं दिवसाचं आणि रात्रीचं रूप सारखं नसतं.

पाहायचं काय? दुकानाच्या पाट्या सगळेच पाहतात. तुम्ही वरचे मजले पाहा. गॅलरीत कपडे वाळत घातलेत का, तुळस आहे का, खिडकीला कूलर आहे की खोक्यांची थप्पी. आणि जिन्याखाली वाका. जुन्या वाड्यात विजेचे मीटर तिथेच एका फळीवर ओळीने ठोकलेले असतात, काहींवर रंगाने नाव लिहिलेलं. किती मीटर फिरतायत, किती बंद पडलेत, यावरून वर किती बिऱ्हाडं आहेत याचा बऱ्यापैकी अंदाज येतो. सात मीटरपैकी दोनच फिरत असतील तर मतदार यादीत तिथे सात कुटुंबं दिसली तरी वाडा जवळपास रिकामा आहे. आत शिरण्याआधी विचारायचं मात्र विसरू नका. वही घेऊन मीटर बघणारा अनोळखी माणूस वीज कापायला आलाय असंच लोकांना वाटतं.

विचारलं की उत्तरं अशी मिळतात:

"काका, वर कोण राहतं?"

"वर आता कोण ऱ्हातंय? पोरगा विश्रामबागला गेला, मागनं आमीबी गेलो. वर नुसतं गोडाऊन हाय. सकाळी यायचं, रातच्याला कुलूप."

असं उत्तर ओळीने चार दुकानांत मिळालं तर समजा की तुम्ही गाभ्याच्या अगदी मधोमध आहात आणि तिथली रात्रीची घनता अपेक्षेपेक्षा कमी निघणार आहे. जनगणना माणसाला तो राहतो तिथे मोजते, दुकान चालवतो तिथे नाही. त्यामुळे हरभट रोडवर दिवसभर माणसांचा पूर असला तरी ते सगळे जनगणनेच्या वहीत विश्रामबाग, माधवनगर, बुधगाव किंवा मिरजेच्या नावावर असतात. तुमचा प्रश्न पार्किंगचा असेल तर जनगणनेची घनता तुमच्या उपयोगाची नाही. तुम्हाला दिवसाची माणसं मोजावी लागतील. पुराचा असेल तर उलट, रात्री झोपलेलीच माणसं हवीत आणि त्यातही तळमजल्यावरची वेगळी. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर हे सांगलीत कुणाला समजावून सांगावं लागत नाही. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ वर धोका, हे इथल्या पोरांनाही पाठ आहे.

हद्द संगणकावर उतरवताना

क्यूजीआयएस हे नकाशाकामाचं, फुकट मिळणारं सॉफ्टवेअर पुरेसं आहे. पाठीमागे ओपनस्ट्रीटमॅप हा खुला नकाशा किंवा इस्रोच्या 'भुवन' संकेतस्थळावरचं उपग्रहचित्र लावा आणि हद्दीचा बहुभुज, म्हणजे बंद आकृती, काढा. दोन गोष्टी सांभाळा.

एक, क्षेत्रफळ अंश-मिनिटांत मोजू नका. सांगलीच्या अक्षांशावर एक अंश रेखांश म्हणजे सुमारे १०६.५ किलोमीटर आणि एक अंश अक्षांश म्हणजे सुमारे ११०.६, त्यामुळे अंशांचा चौरस हा खरा चौरस नसतोच. हद्दीचा थर यूटीएम ४३ उत्तर या मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रक्षेपणात (सॉफ्टवेअरमध्ये त्याचा क्रमांक ईपीएसजी ३२६४३) बदलून घ्या आणि मग चौरस मीटरमध्ये क्षेत्रफळ काढा.

दोन, हद्दीची रेषा बाजाराच्या रस्त्याच्या मधोमध नेऊ नका. तशी नेली की समोरासमोरच्या दुकानांची ताटातूट होते, अर्धा बाजार गाभ्यात आणि अर्धा बाहेर. रेषा दुकानांच्या पाठच्या बोळातून न्या. अडचण अशी की जनगणनेचे गट आणि प्रभागांच्या हद्दी नेमक्या रस्त्यांच्या मधूनच जातात, कारण सरकारी वर्णनात 'अमुक चौकापासून तमुक रस्त्याने पूर्वेस' असंच लिहितात. म्हणून तुमची हद्द आणि आकड्यांची हद्द जुळणार नाही. त्याचा इलाज पुढे येतो.

माणसांचे आकडे

२०११ च्या जनगणनेचे वॉर्डनिहाय आकडे जिल्हा जनगणना पुस्तिकेत मिळतात. त्याखालचं एकक म्हणजे प्रगणक गट, एका मोजणाऱ्याच्या वाट्याचा, साधारण सहाशे-सातशे माणसांचा. महापालिका निवडणुकीची प्रभागरचना याच गटांची बेरीज करून होते, म्हणून प्रारूप प्रभागरचनेची कागदपत्रं जपून ठेवण्यासारखी असतात. त्यात प्रत्येक प्रभागाची लोकसंख्या आणि चतुःसीमा असते. पण प्रभाग मोठा असतो. महापालिकेत ७८ सदस्य, म्हणजे चार सदस्यांच्या प्रभागात सरासरी पंचवीस हजारांच्या वर माणसं. एवढ्या प्रभागाच्या पोटात गाभा, गाभ्याची कड आणि नवी कॉलनी असं सगळं सुखाने मावतं. शिवाय २०११ चे वॉर्ड आणि आताचे प्रभाग वेगळे आहेत. एकाचा आकडा दुसऱ्याच्या नकाशावर टाकला की सगळंच कोसळतं.

प्रभाग तुमच्या हद्दीने कापला जात असेल तर माणसं वाटायची कशी? सोपी पद्धत क्षेत्रफळाच्या प्रमाणात. समजा प्रभागाची लोकसंख्या २५,००० आणि त्याचा ३० टक्के भूभाग गाभ्यात आहे, तर गाभ्याला ७,५०० माणसं. पण त्या ३० टक्के जमिनीवर प्रभागातली ६० टक्के घरं असतील, जे जुन्या गावात सहज घडतं, तर घरांच्या प्रमाणात आकडा येतो १५,०००. थेट दुप्पट. म्हणून वाटणी घरांवरूनच करा, जमिनीवरून नको. घरं मोजायला महापालिकेची मालमत्ता कराची यादी सगळ्यात बरी. ती मिळाली नाही तर उपग्रहचित्रावरून काढलेल्या इमारतींचे खुले थर आहेत, पण जुन्या पेठेत सावध राहा: खेटून बांधलेल्या वाड्यांची कौलं आणि पत्रे वरून एकच भलंमोठं छप्पर दिसतात आणि दहा घरांचं एक घर होतं. अशा जागी तुमच्या पायी फेरीत मोजलेले विजेचे मीटर कामी येतात.

जगभरच्या लोकसंख्येचे तयार चौकटीवार नकाशेही इंटरनेटवर आहेत, शंभर मीटरच्या चौकटीपर्यंत. मोह होतो. ते नकाशे म्हणजे जनगणनेचाच आकडा इमारतींच्या अंदाजावरून पसरवलेला असतो, आणि छपरांची ही गल्लत तिथेही आत शिरलेली असू शकते. पडताळणीला ठेवा, पाया म्हणून नको. मतदार यादीचंही तसंच. तिच्यात अठरा वर्षांखालची मुलं नाहीत आणि कधीचे विश्रामबागला गेलेले काका अजून गावभागात आहेत.

भागाकार, दोन वेळा

आता सोपं काम. समजा तुमचा गाभा १.६ चौरस किलोमीटरचा भरला आणि त्यात २८,८०० माणसं राहतात. घनता १८,००० प्रति चौरस किलोमीटर. हेक्टरमध्ये १८०. गुंठ्यांत विचार करणाऱ्यांसाठी, गुंठ्याला पावणेदोन माणसांच्या थोडं वर. हे फक्त उदाहरण आहे, सांगलीचा आकडा म्हणून कुठे छापू नका.

ही झाली ढोबळ घनता. आता नदीचं पात्र, घाट, मोठी मैदानं, मंदिराचं आवार, मोठे रस्ते असं जिथे कुणी राहूच शकत नाही ते क्षेत्र वजा करा. समजा ते अर्धा चौरस किलोमीटर. उरलेल्या १.१ मध्ये तीच माणसं, म्हणजे सुमारे २६,२००. ही निव्वळ घनता. दोन्ही द्या. एकच दिली तर वाचणारा ती दुसऱ्या शहराच्या दुसऱ्या प्रकारच्या आकड्याशी जोडून मोकळा होतो. नदीचं पात्र मात्र ढोबळ घनतेतूनही वगळावं असं मला वाटतं. रस्ता आणि मैदान हे शहराच्या वापरातले भाग आहेत, पात्र नाही.

आणि घनता म्हणजे गर्दी असं समजू नका. सहा मजली इमारतीत ऐसपैस राहणारी माणसं आणि एकमजली खोल्यांत दाटीवाटीने राहणारी माणसं यांची हेक्टरी घनता सारखी येऊ शकते. गर्दी मोजायची तर खोलीमागे माणसं किंवा माणशी बांधीव क्षेत्र हवं, आणि त्यासाठी घरात जाऊन विचारण्याला पर्याय नाही.

सरासरी माणूस किती दाटीत राहतो

सुरुवातीच्या ४,२५४ च्या आकड्यावर औषध आहे. शहराचे तीन तुकडे धरा, आकडे पुन्हा मानीव. जुनं गाव: १ चौरस किलोमीटर, २०,००० माणसं. नव्या कॉलन्या: ४ चौरस किलोमीटर, २४,०००. बाहेरची रानं आणि वाड्या: १५ चौरस किलोमीटर, ६,०००. एकूण ५०,००० माणसं, २० चौरस किलोमीटर, साधी घनता २,५००. आता प्रत्येक तुकड्याची घनता तिथल्या माणसांच्या संख्येने गुणा, बेरीज करा आणि एकूण माणसांनी भागा. २०,००० गुणिले २०,०००, अधिक २४,००० गुणिले ६,०००, अधिक ६,००० गुणिले ४००, भागिले ५०,०००. उत्तर १०,९२८.

पहिला आकडा जमिनीच्या बाजूने सरासरी काढतो, दुसरा माणसांच्या बाजूने. सांगली-मिरज-कुपवाडसारख्या हद्दीत भरपूर शेती असलेल्या महापालिकेसाठी दुसरा आकडा कितीतरी बोलका आहे. एक अट: तुकडे जितके बारीक, तितकं हे उत्तर सहसा वर जातं. त्यामुळे कोणत्या एककावर काढलं ते लिहिल्याशिवाय दोन शहरांची तुलना करू नका.

गाभ्यातून बाहेर पडताना

अर्थशास्त्रज्ञ कॉलिन क्लार्क यांनी १९५१ मध्ये अनेक शहरांचे आकडे मांडून दाखवलं की मध्यापासून दूर जाताना घनता ठराविक प्रमाणात घटत जाते. मध्याशी २५,००० आणि दर किलोमीटरला ४० टक्के घट धरली तर पुढच्या किलोमीटरला १५,०००, मग ९,०००, मग ५,४००. १९६९ मध्ये भूगोलज्ञ ब्रूस न्यूलिंग यांनी त्यात दुरुस्ती सुचवली: अगदी मध्यात व्यापार घरांना बाहेर ढकलतो, म्हणून तिथे खळगा पडतो आणि सगळ्यात दाट वस्ती त्याच्या भोवतीच्या कड्यात सापडते. वरच्या मजल्यावर गोडाऊन केलेले ते दुकानदार म्हणजे हाच खळगा.

सांगलीत हे तपासायचं तर गोल कडी निरुपयोगी, एका बाजूला नदी आहे. रस्त्याने चला. बाजारातून सांगली-मिरज रस्त्याने अर्ध्या-अर्ध्या किलोमीटरचे टप्पे पाडा, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तीनशे मीटरचा पट्टा धरा आणि प्रत्येक टप्प्याची घनता आलेखावर मांडा. मिरज जवळ येईल तसा दुसरा उंचवटा दिसायला हवा. दोन्हींच्या मधली सगळ्यात खालची जागा कुठे पडते, आणि ती दर जनगणनेला किती भरत जाते, हे मला या सगळ्या खटाटोपातलं सगळ्यात रंजक वाटतं. माधवनगर रस्त्यानेही तसाच पट्टा काढता येईल, फक्त माधवनगर महापालिकेच्या हद्दीबाहेर आहे, त्याचे आकडे वेगळे आणावे लागतील.

कागदावर काय ठेवायचं

अहवालात आकड्याशेजारी एवढं हवंच: हद्द कोणत्या निकषाने आखली, क्षेत्रफळातून काय वगळलं, माणसांचा आकडा कोणत्या वर्षाचा आणि कोणत्या एककाचा, कापलेले प्रभाग कसे वाटले, ढोबळ की निव्वळ, हेक्टर की चौरस किलोमीटर. दोन-तीन वाक्यांत मावतं. शेवटी नकाशा जोडा, हद्दीची रेषा जाड.

बहुभुजाची फाइल तारखेसह जपून ठेवा आणि फेरीत भरलेला घरोघरचा तक्ताही. जाहीर झालेल्या वेळापत्रकाप्रमाणे पुढच्या जनगणनेचा संदर्भ दिवस १ मार्च २०२७ आहे, त्याआधी २०२६ मध्ये घरयादी. नवे आकडे येतील तेव्हा प्रगणक गट नव्याने पाडलेले असतील आणि जुन्याशी थेट जुळणार नाहीत. तुमची हद्द आणि घरांची मोजणी हाताशी असेल तर नवे गटही त्याच घरांवरून वाटता येतील, आणि २०११ पासून गावभागात माणसं वाढली की घटली हे त्याच हद्दीत, त्याच रीतीने काढता येईल.